पहिली पात

वाटूरच्या शिवारात खुरपणी निघाली की पहिली पात दुर्गाबाईची, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं. पात म्हणजे एकेका बाईच्या वाटणीला आलेला वावराचा पट्टा. या बांधापासून त्या बांधापर्यंत तो आपला आपण खुरपत न्यायचा. पहिल्या पातीची बाई जशी चालेल तशा बाकीच्या चालणार, ती दम खाईल तेव्हाच बाकीच्या दम खाणार. दुर्गाबाई दम खातच नसे, ही बाकीच्यांची पंचाईत होती.

तिच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. एक अंग मोडून काम करणाऱ्यांची, दुसरी अंगचोरांची. राजा असो, रंक असो, बामण असो की बलुतेदार, दुर्गाबाई त्याला या दोन्हींपैकी एका टोपलीत टाकून मोकळी होई. अंगचोर हा शब्द देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा तिच्या तोंडी यायचा. पातीवर बसली की हात जमिनीला आणि तोंड मागच्या बायांना, अशी तिची वाटणी असे. "खायला आधी अन् कामाला कधी मधी," असं ती कुणाला तरी उद्देशून म्हणायची आणि प्रत्येकीला वाटायचं, आपल्यालाच म्हणाली. सगळ्या जरा पुढं सरकायच्या.

घरी मुलगा कडूबा आणि सून विमल. कडूबा गाडीवर कापूस भरून जालन्याला न्यायचा, चार-चार दिवस घरी नसायचा. विमलच्या कडेवर लेकरू. ती अधूनमधून म्हणायची, "आत्याबाई, आता तुमी घरी ऱ्हावा. लेकराला धरा, म्या जाते कामाला."

"धरायला लेकरू काय पळून चाललंय का?" दुर्गाबाई म्हणायची आणि कंबरेला खुरपं खोचून निघायची.

खरं तर तिला भीती वाटायची. शेजारची सखुआत्या ओट्यावर बसून असायची. सकाळी या अंगाला, संध्याकाळी त्या अंगाला. तिच्या सुना तिच्यादेखत म्हणायच्या, खायला काळ अन् भुईला भार. सखुआत्या हसायची, कारण दुसरं काय करणार? दुर्गाबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं, पहिली पात हातात आहे तोवर आपण माणूस आहोत. ती गेली की आपला ओटा झाला.

अलीकडं जगच बिघडत चाललंय, असंही तिचं मत झालं होतं. सुयांना नेढं बारीक पाडायला लागले होते. घासलेटात काहीतरी मिसळत होते, दिवा पूर्वीसारखा उजेड देत नव्हता. जोंधळे ती स्वतः निवडायची, तरी भाकरीत खडे निघत. बाजारातले व्यापारी खडे नंतर कसे घालतात हे मात्र तिला उमगत नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात काकासाहेबांच्या विहिरीच्या वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खुरपणी लागली. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी काकासाहेबांच्या तोंडातली उर्दू गेली नव्हती आणि रागही गेला नव्हता. बायांना कामाला सांगणं, पाती लावून देणं हे काम त्यांच्या धर्मराज नावाच्या गड्याकडं. धर्मराजनं त्या दिवशी एक नवी बाई आणली. चतुराबाई तिचं नाव. अंतरवालीकडची, वाटूरला नवऱ्यामागं आलेली. नवरा कचरू फाट्यावर सडकेची खडी फोडायचा. बाई सडपातळ, अबोल, वयानं विमलपेक्षा थोडी मोठी.

"हिला माझ्या शेजारी लाव," दुर्गाबाई म्हणाली. "नवं खोंड जुन्या बैलाशेजारी जुंपावं."

झालं, चतुराबाईला दुसरी पात मिळाली. आणि तिथून पुढं दुर्गाबाईच्या जिवाला घोर लागला. पोरगी पुढं सरकेचना. दुर्गाबाई बांधाला टेकायची तेव्हा ही अर्ध्या वावरात असायची. तिसऱ्या, चौथ्या पातीच्या बाया तिला मागं टाकून जायच्या. ही आपली मान खाली घालून खुरपं चालवतेय, इकडं वाकतेय, तिकडं वाकतेय.

"काय गं चतुरे, अंडी उबवून राह्यली का?" दुर्गाबाई बांधावरून ओरडायची. बाया हसायच्या. चतुराबाई मान वर करून एकदा बघायची आणि पुन्हा खाली घालायची.

एखादी बाई मागं राहिली की बांधाला पोचलेल्यांपैकी कुणीतरी उलटं फिरून तिच्या पातीत समोरून खुरपत जायचं, अशी रीत होती. त्याला सामोरं जाणं म्हणायचे. आज तू मागं, उद्या मी. सगुणाबाई पहिल्याच दिवशी उठली सामोरं जायला. दुर्गाबाईनं तिच्या पदराला धरून खाली बसवलं.

"दुखणाईत बाईला सामोरं जावं, गरवार बाईला जावं. अंगचोराला सामोरं जायचं न्हाई, सवय लागती."

सगुणाबाई बसली. चतुराबाई एकटी पात संपवून आली तोवर बाकीच्यांच्या भाकरी खाऊन झाल्या होत्या. हेच रोज चाललं. एकदा-दोनदा चतुराबाईनं तोंड उघडलं होतं, "मावशी, तुमाला एक सांगायचं व्हतं." दुर्गाबाई म्हणाली, "सांगायचं ते खुरप्याला सांग. ते पुढं सरकंल." पुन्हा बाया हसल्या. मग चतुराबाई बोलायचीच बंद झाली.

विहिरीचं वावर संपता संपता दुर्गाबाईनं धर्मराजला गाठलं. "ह्या बाईला उद्यापासून कामाला सांगू नको."

धर्मराज डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, हळू हाय ती. पर काम साफ हाय. म्या बघितलं, काडी ऱ्हात न्हाई मागं."

"दिसभर एकाच पातीत बसल्यावर काय काडी ऱ्हाईल? आमी नऊ जणी मरमर मरायचं अन् हिनं अंग राखून रोजाचा पैसा बराबर घ्यायचा? बिलकुल न्हाई. ती तरी ऱ्हाईल, न्हाईतर म्या तरी."

दुर्गाबाई नाही तर खुरपणी नाही, हे धर्मराजला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या बाया बांधावर उभ्या असताना, त्यानं चतुराबाईला परत जायला सांगितलं. कारण विचारायची गरज पडली नाही. दुर्गाबाईनं ते मोठ्यानं सांगितलं, "अंगचोराला इथं जागा न्हाई." चतुराबाईनं खुरप्याची माती झटकली, भाकरीचं फडकं उचललं आणि सडकेच्या वाटेला लागली. सगुणाबाईनं दुर्गाबाईकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं आणि चतुराबाईच्या जागी जाऊन उभी राहिली. तिला दुसरी पात मिळाली होती.

आता माळाचं वावर. काम कसं झपाझप सुटलं! सगुणाबाई हाताची चलाख, दुर्गाबाईच्या बरोबरीनं बांधाला लागायची. दुर्गाबाईला पंख फुटले. "बघा, एक अंगचोर काढला तर टोळी कशी पळून राह्यली," असं ती दिवसातून चारदा सांगायची. पोळ्याच्या आत वावर आटोपलं. धर्मराजही खूश होता.

पोळा झाला आणि काकासाहेब स्वतः वावरात आले. काठी टेकत बांधावरून फिरले, मधेच उतरले, आणि धर्मराजला जी हाक मारली ती पलीकडच्या शिवारात ऐकू गेली.

"हे खुरपलंय का ढोरं चारलीत? इकडं ये! बिलकुल हिरवंगार दिसून राह्यलंय!"

धर्मराजनं बायांना बोलावून घेतलं आणि कुठं काय राहिलंय ते सांगितलं. सगळं वावर स्वच्छ होतं, पण बायांच्या प्रत्येक फेरीच्या कडेला एक-एक पट्टा तणासकट तसाच होता. त्यात लव्हाळा उभा, केना पसरलेला, आणि मधे मधे पऱ्हाटीचीच रोपं कापून पडलेली, वाळून काळी झालेली. काकासाहेब तेवढं ओरडून निघून गेले होते, आणि ते एवढ्यावर थांबले म्हणजे फारच झालं होतं.

"दुसऱ्या पातीचं काम हे," दुर्गाबाई म्हणाली. ती सगुणाबाईकडं वळली. "सगुणे, म्या तुला हुशार समजत व्हते. नुसतं पळून काय उपेग? डोळ्यात तेल घालून काम करावं माणसानं."

सगुणाबाई स्वभावानं गरीब. पण गरीब गायही कधी शिंग हलवते. "मावशी, ती माझी पात न्हाई. ती तुमची हाय."

"माझी?"

"तुमचीच. म्या माझी बघू का तुमची? चतुराबाई बघत व्हती, तर तुमी तिला घालवून दिली."

शब्द तोंडातून गेले आणि सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. बाया जमिनीकडं बघायला लागल्या. धर्मराज विहिरीकडं बघायला लागला, जणू तिथं कुणी त्याला हाक मारत होतं. त्या बघण्यावरून दुर्गाबाईला कळलं की यातली एकही गोष्ट कुणाला नवी नाही.

ती खाली बसली. जमीन तिला दिसत होती, काळी आणि साफ. तिनं तळहात टेकवला आणि पुढं सरकवला. बोटांना लव्हाळ्याची टोकं लागली, एक, मग दुसरं, मग गुच्छच्या गुच्छ. हाताला एक वाळकं रोप लागलं. ते उचलून तिनं नाकाजवळ नेलं, तेव्हा कुठं ते पऱ्हाटीचं असल्याचं दिसलं. बुडाशी खुरप्याचा तिरका काप होता. तिचं खुरपं तिरकंच चालायचं, साऱ्या गावाला माहीत होतं.

तिला लाज वाटली. अशी लाज तिला नवऱ्याच्या घरी पहिल्यांदा भाकरी करपली तेव्हासुद्धा वाटली नव्हती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ही म्हण तिनं किती जणींच्या तोंडावर मारली होती. ती उठली आणि कुणाला काही न सांगता भर दुपारी घराकडं चालू लागली.

विमल दारातच होती. दुर्गाबाईनं विचारलं, "जोंधळ्यातले खडे मला दिसत न्हाईत, व्हय गं?"

विमल जरा घुटमळली. "तुमी गेल्यावर म्या पुन्हा निवडते, आत्याबाई. जमंल तेवढं. म्हणून तर म्हणत व्हते, घरी ऱ्हावा."

दिवस कलल्यावर दुर्गाबाई चतुराबाईच्या खोपटाकडं गेली. चतुराबाई चुलीपुढं बसली होती. मनगटांना फडकी बांधलेली. आता तीही कचरूसोबत खडी फोडत होती. तिनं पोतं झटकून पुढं केलं, पाण्याचा तांब्या दिला. दुर्गाबाई बसली, पण पाणी प्यायली नाही.

"चतुरे, माझी पात तू खुरपत व्हतीस?"

"सगळी न्हाई, मावशी. तुमची मागं ऱ्हायलेली."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगणार व्हते. पयल्याच दिवशी. पर तुमी बोलायच्या थांबतच न्हवत्या."

दुर्गाबाईला राग यायला हवा होता. तिला हसू आलं, आणि ते तिनं गिळलं. "मंग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"तवर तुमी मला अंगचोर म्हणल्या व्हत्या. मंग कसं सांगू? सगळ्यांना वाटलं असतं, सुटायला बहाणा करून राह्यली."

"सोडून द्यायची व्हतीस माझी पात. मरंना का."

चतुराबाई भाकरी थापत होती. ती थापता थापताच म्हणाली, "सोडली असती तर बोल कुणावर आला असता? तुमच्याकडं कुणी बोट दाखवतंय व्हय? शेजारच्या पातीवर आला असता. नव्या बाईवर."

दुर्गाबाईच्या डोळ्यांपुढं दुपारची सगुणाबाई उभी राहिली. तिनं विचारलं, "उद्या येतीस का कामावर? म्या धर्मराजला सांगते."

"न्हाई येत. हितं बरंय. ज्याचा ढीग त्याचा. शेजारीण न्हाई अन् तिची पातबी न्हाई." भाकरी तव्यावर टाकून तिनं पहिल्यांदा दुर्गाबाईकडं नीट बघितलं. "घालवलं तवा बायांदेखत घालवलं, मावशी. आता बोलवायला चुलीपाशी आल्या."

दुर्गाबाई रात्री जेवली नाही. विमलनं दोनदा विचारलं, मग नाद सोडला.

सकाळी माळाच्या वावरात तेच पट्टे पुन्हा खुरपायचे होते. बाया बांधावर जमल्या, दुर्गाबाईही आली. कुणी कालचा विषय काढला नाही. सगुणाबाई मात्र तिला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मावशी, काल म्या बोलून गेले, मनावर घेऊ नका. पयली पात तुमीच धरा. म्या दोनी पाती बघते. कुणाला कळणार न्हाई."

किती सोपं होतं! सगुणाबाई मनापासून म्हणत होती. बाया बोलणार नव्हत्या, धर्मराज विहिरीकडं बघत राहिला असता. अजून दोन-तीन सुगी पहिली पात हातात राहिली असती. दुर्गाबाईला मोह झाला, हे खोटं कशाला सांगा. खुरप्याची मूठ तिनं दोनदा घट्ट धरली आणि दोनदा सैल केली.

तेवढ्यात सडकेवरून कचरू आणि चतुराबाई फाट्याकडं निघालेली दिसली. म्हणजे दुर्गाबाईला नुसती दोन माणसं जाताना दिसली. बांगड्यांच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"चतुरे! थांब तिथंच!" तिचा आवाज अजून शाबूत होता. सडकेवरचे बैलसुद्धा थबकले. मग ती बायांकडं वळली. "सगळ्या आहात ना? मंग सांगा. एकीची पात दुसरीनं खुरपायची अन् रोज मात्र दोघींनी बराबर घ्यायचा, असं करणारीला म्या काय म्हणते?"

बाया पदर सावरत एकमेकींकडं बघायला लागल्या.

"बोला की. रोज तर ऐकता."

"अंगचोर म्हणता, मावशी," सडकेवरून चतुराबाईचा आवाज आला. अगदी शांत, जसं कुणी वाट विचारली आणि तिनं सांगितली.

एका बाईला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात लपवलं. दुर्गाबाई म्हणाली, "बराबर. मंग ऐका सगळ्या. ती अंगचोर म्या हाय. चतुरा न्हवती. ती माझी पात खुरपून तिची खुरपत व्हती, अन् म्या बांधावर बसून तिला शिव्या देत व्हते." तिचा आवाज इथवर नीट होता. पुढचं बोलायच्या आधी ती दोनदा खाकरली. "मला दिसत न्हाई. खालचं गवत दिसत न्हाई मला."

बस, एवढंच. चाळीस वर्षांचं नाव तेवढ्यात खाली ठेवून झालं. तिला वाटलं होतं पायांखालची जमीन हलेल. काही हललं नाही. एका बाईचं लेकरू झाडाखाली रडायला लागलं आणि ती त्याला घ्यायला गेली.

चतुराबाई सडक उतरून वावरात आली. हातोडी तिनं कचरूच्या हातात दिली होती. धर्मराजनं विचारलं, "मंग आता पाती कशा लावायच्या?"

"पयली पात हिची," दुर्गाबाई म्हणाली. भाकरीचं फडकं उचलून ती निघाली.

"कुठं चालल्या?" चतुराबाईनं विचारलं.

"घरी. अंगचोराला इथं जागा न्हाई. माझाच कायदा हाय."

"पयली पात माझी ना? मंग आता माझा कायदा. शेवटची पात तुमची."

"आगं, दिसत न्हाई म्हणलं ना."

"हातानं दिसतं की. बसा अन् हातानं बघा. येळ लागंल, तर लागू द्या. येळ लागणं अन् अंग चोरणं…" चतुराबाई मधेच थांबली. वडीलधाऱ्या बाईला किती बोलावं यालाही मर्यादा असते. "चला गं, जल्दी. दिवस वर आला."

दुर्गाबाई शेवटच्या पातीला बसली. डाव्या हाताच्या तळव्यानं आधी जमीन चाचपायची, रोप कोणतं, गवत कोणतं हे बोटांनी ठरवायचं, मग उजव्या हातानं खुरपं घालायचं. लव्हाळ्याची तिधारी काडी बोटात फिरवली की कडा लागतात, रोपाचा देठ गोल असतो. एवढं कळायला तिला चार हात जमीन लागली. तोवर बाया कितीतरी पुढं गेल्या. आजवर बायांचं बोलणं तिच्या पाठीमागून यायचं. आज ते पुढं होतं आणि लांब लांब जात होतं. मग ते ऐकू येईनासं झालं आणि वावरात फक्त तिच्या एकटीच्या खुरप्याचा आवाज उरला. रोज ही पोरगी इथं अशी एकटी होती, दुर्गाबाईच्या मनात आलं. तिला फार वाईट वाटलं. तिनं हात थांबवला नाही.

उन्हं चढली. सगळ्या बाया बांधाला टेकल्या असाव्यात, कारण धर्मराजची हाक ऐकू आली. "पाती झाल्या का? कुणाची ऱ्हायली का?"

दुर्गाबाई थांबली. हा प्रश्न आजवर तिलाच विचारला जायचा, आणि त्याचं उत्तर तीच द्यायची, नाव घेऊन, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

"ऱ्हायली न्हाई," बांधावरून चतुराबाई म्हणाली. "येतीय."

दुर्गाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच दिसत नव्हतं, आता जे होतं तेही गेलं. तिनं डोळे पुसले नाहीत, हात मातीनं भरले होते. तळवा पुढं सरकवून तिनं पुढची काडी बोटात धरली आणि फिरवून बघितली.